मुक्त लेखन : दिवाळी अंकांनंतरचे रिकामे महिने कसे निभवावेत?

भीमातीर :

सर्व जाणकारांना नमस्कार. मी सोलापुरात राहते. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी अनेक वर्षे उपसंपादक होते. ती आवृत्ती बंद झाल्यावर दुसरी नोकरी न शोधता पूर्णवेळ मुक्त लेखन करायचे, असे मी घरच्यांशी बोलून ठरवले. विडी कामगार स्त्रिया, यंत्रमागावर जगणारी कुटुंबे, पूर्वभागातील तेलुगुभाषक पद्मशाली समाज हे माझ्या जिव्हाळ्याचे विषय आहेत आणि त्यांवरील माझे लेख पुरवण्यांमध्ये व दिवाळी अंकांमध्ये प्रसिद्ध होतात.

जून ते ऑगस्ट या काळात लेखांना इतकी मागणी असते की एखाद्या संपादकांना नकार द्यावा लागतो. दिवाळी झाली की मात्र सगळे थांबते. प्रसिद्ध झालेल्या लेखांचे मानधन फेब्रुवारी-मार्चपर्यंत तुकड्यातुकड्यांनी येत राहते, काहींचे येतच नाही, आणि नव्याने पाठवलेल्या लेखांना होकार किंवा नकार यांपैकी कोणतेच उत्तर मिळत नाही. नेमक्या याच महिन्यांत माझी लिहिण्याची उमेद मावळते. टिपणे समोर असतात, मुलाखती घेऊन झालेल्या असतात, तरी पहिला परिच्छेद पुढे सरकत नाही. लेखनाची आवड कमी झाली आहे असे मला वाटत नाही, कारण कोणी विषय देऊन मुदत दिली की तोच लेख मी वेळेत पूर्ण करते.

अशा स्थितीत उमेद टिकवण्यासाठी आपण काय करता? लेखनावर घर चालवायचे असेल तर कोणत्या कामांची जोड द्यावी? आणि मानधनाविषयी संपादकांना विचारताना संबंध दुखावणार नाहीत, अशी रीत कोणती?

तर्जुमा :

आपल्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातच उत्तराचा मोठा भाग आहे, असे मला वाटते. मुदत मिळाली की लेख पूर्ण होतो, याचा अर्थ उणीव आपल्या इच्छाशक्तीत नसून वर्षाच्या आखणीत आहे. मी पुण्यात राहून अनुवाद, संपादन आणि स्वतःचे लेखन यांवर चरितार्थ चालवतो आणि नव्याने या क्षेत्रात आलेल्या प्रत्येकाला आधी दिवाळी अंकांचे वेळापत्रक समजून घ्यायला सांगतो. साधारणपणे एप्रिल-मेमध्ये विषय ठरतात, जुलै-ऑगस्टपर्यंत लेख मागवले जातात, सप्टेंबरमध्ये जुळणी आणि छपाई होते. बहुतेक अंकांचा खर्च जाहिरातींवर भागतो आणि त्या जाहिरातींची वसुली दिवाळीनंतर कित्येक महिने चालते, म्हणून लेखकाच्या हाती पैसे उशिरा पडतात. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही. मात्र हे माहीत असूनही नोव्हेंबर ते मार्चचा घरखर्च या मानधनाच्या भरवशावर ठेवला, तर दर हिवाळ्यात मन खचणारच.

त्या महिन्यांसाठी वेगळ्या स्वरूपाचे काम आधीपासून बांधून ठेवावे लागते. अनुवाद, मुद्रितशोधन, संस्थांच्या स्मरणिका, निवृत्त व्यक्तींच्या आठवणींचे शब्दांकन, शैक्षणिक साहित्याचे संपादन, माहितीपटांची संहिता, चित्रफितींची उपशीर्षके ही सारी कामे वर्षभर चालतात. सहकारी बँका, शिक्षणसंस्था आणि कारखाने यांची रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवी वर्षे येत असतात आणि त्यांना माहिती गोळा करून नीट लिहून देणारी व्यक्ती सहसा सापडत नाही. उपसंपादक म्हणून केलेले काम येथे थेट उपयोगी पडते. नावाला काही दिवस पडद्याआड राहावे लागते, पण पैसे टप्प्याटप्प्याने आणि ठरल्याप्रमाणे मिळतात.

अनुवादाकडे वळलात तर एक व्यावहारिक बाब पहिल्याच पत्रात स्पष्ट करून घ्यावी. दर शब्दावर ठरतो, पण तो मूळ मजकुराच्या शब्दांवर की अनुवादित मजकुराच्या, हे अनेकदा मोघम ठेवले जाते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना शब्दसंख्या बरीच घटते आणि तोच दर अनुवादित शब्दांना लावला तर तेवढ्याच श्रमांचे पैसे कमी होतात. म्हणून दर नेहमी मूळ शब्दसंख्येवर ठरवावा, असा माझा आग्रह असतो.

आता उमेदीविषयी. बाहेरून मुदत येत नसेल तर ती आपणच निर्माण करावी लागते आणि सोलापूरच्या लेखकाला त्यासाठी गावाचे कॅलेंडर पुरेसे आहे. आपण ज्या महिन्यांना रिकामे म्हणता, त्यांतच १२ जानेवारी येते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याच सुमारास, संक्रांतीला, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. पुढे ८ मार्चचा महिला दिन आहे, १ मेचा कामगार दिन आहे, आणि विडी कामगार स्त्रियांविषयी आपल्याइतक्या जवळून लिहू शकणारे लोक फार थोडे असतील. यांपैकी प्रत्येक दिवसासाठी दोन महिने आधी पुरवणीच्या संपादकांकडे चार-पाच ओळींचा प्रस्ताव पाठवावा आणि संपूर्ण लेख होकारानंतरच लिहावा. प्रस्तावाला उत्तर न आल्याने होणारे नुकसान थोडे असते. पूर्ण लेखाला उत्तर न आल्याने महिन्याची मेहनत अडकते आणि मनही अडकते.

एकच अभ्यास अनेक रूपांत वापरण्याची सवयही लावून घ्यावी. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर या विडी कामगारांच्या वसाहतीतील स्त्रियांशी आपण बोललात, तर त्यातून पुरवणीसाठी वृत्तांत होईल, दिवाळी अंकासाठी दीर्घ लेख होईल, आकाशवाणीसाठी रूपक होईल आणि काही वर्षांनी पुस्तकातील एक प्रकरणही होईल. प्रत्येक वेळी मजकूर नव्याने लिहावा लागतो, केवळ लांबी कमी-जास्त करून भागत नाही, पण प्रवास आणि मुलाखती पुन्हा कराव्या लागत नाहीत. कारकीर्द अशीच उभी राहते. एखाद्या विषयाचे नाव निघाले की संपादकांना आपली आठवण व्हावी, इतका तो विषय आपला झाला पाहिजे. पुस्तकाचा विचार पक्का झाला आणि ते आपले पहिलेच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. मंडळाकडून अर्ज मागवल्याची सूचना निघते, तिच्यावर लक्ष ठेवावे.

अंकसंपादक :

मी एका लहान दिवाळी अंकाचे संपादन करतो, म्हणून मानधनाच्या प्रश्नापुरतेच लिहितो. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या परंपरेने मराठी लेखकाला मोठा मान दिला. परंतु त्याच मानामुळे पैशांविषयी बोलणे अप्रशस्त आहे, असा समजही रुजला. माझ्या मते हा समज लेखकाच्या आणि अंकाच्या, दोघांच्याही हिताचा नाही. लेखाची मागणी करणारे पत्र आले की उत्तरात चार गोष्टी नम्रपणे विचारून घ्याव्यात : मानधन किती, ते कोणत्या महिन्यापर्यंत मिळेल, लेखक-प्रती किती मिळणार, आणि लेख पुढे आपल्या संग्रहात घेण्यास हरकत नाही ना. लेख हाती येण्यापूर्वी विचारलेला प्रश्न कोणत्याही जबाबदार संपादकाला खटकत नाही. अंक बाजारात आल्यानंतर तोच प्रश्न तक्रारीसारखा ऐकू येतो आणि त्या वेळी आमच्याकडे सांगण्यासारखे निश्चित काही नसते.

ज्या अंकाला मानधन देणे शक्य नाही, त्याने तसे आधी सांगावे आणि लेखकाने ते जाणून निर्णय घ्यावा. एखाद्या संपादकाने मागील वर्षाचे मानधन दिलेले नसताना या वर्षी पुन्हा लेख मागितला, तर आधीची रक्कम मिळाल्यावर लेख पाठवीन, असे स्पष्ट लिहावे. असे उत्तर मिळाल्याने संबंध तुटत असतील, तर ते तुटण्याने लेखकाचे काहीही बिघडत नाही.

आमच्या बाजूने एक विनंती आहे. सांगितलेली शब्दसंख्या पाळावी, युनिकोडमध्ये मजकूर पाठवावा आणि शक्यतो जुलैमध्येच पाठवावा. ऑगस्टअखेरीस येणाऱ्या लेखांच्या गर्दीत चांगला लेखही घाईने वाचला जातो, आणि लवकर आलेल्या लेखावर लेखकाशी चर्चा करून तो अधिक चांगला करता येतो.

कलम१९ :

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. मुक्त लेखकाने लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. दैनिकात नोकरीवर असताना लिहिलेल्या मजकुराचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे आपल्या जुन्या लेखांचा संग्रह करताना हा भेद ध्यानात ठेवावा. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात कालावधी नमूद नसेल तर तो पाच वर्षांचा आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याबद्दल चर्चा करावी. बहुतेक वेळा एकदा प्रसिद्ध करण्याचा परवाना देऊन काम भागते.

थकीत रकमेसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, उपयोगी पडते. ती विनाशुल्क असून सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. विलंब झाल्यास व्याज लागू होते आणि अशी थकीत देणी मिळवून देणाऱ्या सुविधा परिषदेकडे दादही मागता येते. नोंदणी मात्र काम स्वीकारण्यापूर्वीची असावी, कारण थकबाकी झाल्यानंतर केलेल्या नोंदणीचा मागील कामांसाठी आधार घेता येईलच, याची खात्री नसते. दिवाळी अंकाच्या लहान रकमेसाठी कोणी या वाटेने जात नाही, पण अनुवाद किंवा स्मरणिकेची मोठी रक्कम अडकते तेव्हा देयकावरील उद्यम क्रमांकाकडे समोरची व्यक्ती गांभीर्याने पाहते. मानधनातून करकपात झाली असेल तर विवरणपत्र अवश्य भरावे. उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेली रक्कम परत मिळते, आणि अनेक लेखक विवरणपत्र न भरल्यामुळे ती सोडून देतात.

संवादिनी :

मी मुंबईत मालिकांसाठी संवाद लिहिते. तर्जुमा यांच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण व्यावसायिक काम आणि स्वतःचे लेखन यांचा समतोल वेळापत्रकाने आपोआप साधतो, असे कोणी समजू नये. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद यांसाठी बहुधा वेगवेगळे लेखक असतात, भाग रोजचा असतो, आणि दिवसाचे लेखन संपल्यावर स्वतःच्या कथेसाठी शब्द उरत नाहीत. पैसे प्रत्येक भागामागे ठरतात आणि प्रक्षेपणानंतर दोन-तीन महिन्यांनी येतात, म्हणजे वाट पाहणे येथेही चुकत नाही. मी दोन मालिकांच्या मधल्या काळात स्वतःचे लिहिते आणि त्या काळाचा खर्च आधीच बाजूला ठेवते. रोज थोडे लिहिण्याची पद्धत ज्यांना साधते त्यांनी ती जरूर पाळावी. ज्यांच्या घरी लहान मुले किंवा आजारी माणसे आहेत, त्यांनी ती साधत नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नये.

सोलापूरच्या मराठीत कन्नड आणि तेलुगु मिसळून जो लहेजा येतो, तो कानावर असलेले संवादलेखक फारसे नाहीत. या बाजूला यायचे ठरवलेत तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्यत्व घ्यावे आणि संहिता कोणालाही दाखवण्यापूर्वी तिची तेथे नोंदणी करावी.

भीमातीर :

सर्वांचे मनापासून आभार. पूर्ण लेखाऐवजी प्रस्ताव पाठवण्याची सूचना मी लगेच अमलात आणणार आहे आणि यंदाच्या पत्रव्यवहारात अंकसंपादक यांनी सांगितलेले चारही प्रश्न विचारणार आहे. एक शंका राहते. येथील एका निवृत्त गृहस्थांनी आत्मचरित्राचे शब्दांकन करून देण्याविषयी विचारले आहे. मोबदल्याचा आकडा त्यांनी मलाच सांगायला सांगितले आहे. असे काम किती काळ चालते आणि ते माझे स्वतःचे लेखन गिळून टाकील का, याची धास्ती वाटते.

तर्जुमा :

अशा कामाला बहुधा आरंभी वाटते त्याहून अधिक वेळ लागतो, कारण आठवणी सांगणारी व्यक्ती मसुदा वाचल्यानंतर नव्या आठवणी सांगू लागते आणि जुन्या काढून टाकू इच्छिते. म्हणून एकरकमी आकडा सांगण्यापूर्वी किती बैठका होतील, ध्वनिमुद्रणाचे लेखन कोण करील, अंदाजे किती पानांचा मजकूर अपेक्षित आहे आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या मोबदल्यात धरल्या आहेत, हे लिहून काढावे. त्यावरून लागणाऱ्या दिवसांचा अंदाज येईल आणि आपल्या महिन्याच्या घरखर्चाशी तो ताडून आकडा ठरवता येईल. मोबदला तीन हप्त्यांत घ्यावा : एक आरंभी, एक पहिल्या मसुद्यानंतर आणि एक अंतिम मजकूर सोपवताना. मुखपृष्ठावर किंवा आतील पानावर ‘शब्दांकन’ म्हणून आपले नाव येणार की नाही, हेही त्याच कागदावर असू द्यावे.

स्वतःच्या लेखनाविषयी म्हणाल, तर बैठका आठवड्यातील दोन ठरावीक दिवशीच ठेवाव्यात आणि नोव्हेंबरमध्ये काम सुरू करून मेअखेर संपेल अशी मुदत सुचवावी. जूनपासून दिवाळी अंकांचे लेखन सुरू होते, तेव्हा टेबल मोकळे हवे. गृहस्थ गिरणीत किंवा मागावर काम केलेले असतील, तर बैठकांतून मिळणारी माहिती आपल्या लेखांत वापरण्याची त्यांची परवानगी सुरुवातीलाच लेखी घ्यावी. ती नंतर त्यांच्या कुटुंबीयांकडून मिळवणे फार अवघड जाते.