कृतिसंशोधन: दशांश अपूर्णांकांची चाचणी कशी बांधावी?

जुळे_सोलापूर_बीएड:
बी.एड. दुसरं वर्ष, गणित पद्धती. आंतरवासितेला (शाळेतल्या अध्यापन सरावाला) सहावीचा वर्ग मिळालाय, पट ३८. कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून तो तपासायच्या छोट्या अभ्यासाचा, विषय ‘दशांश अपूर्णांकांतील अडचणी’. हातात पाच आठवडे. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी आणि सरासरी एवढं पुरेल का? बरीच मुलं ०.३५ ला ०.४ पेक्षा मोठं म्हणतात.

गणित_अध्यापक:
ताई, विषय तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ‘अडचणी’ सोडा, फक्त लहान-मोठेपणा घ्या. ही मुलं ३५ आणि ४ यांची तुलना करतात. ‘शून्य पूर्णांक पस्तीस’ असं वाचल्यानं तो समज आणखी घट्ट होतो. ‘तीन पाच’ असं सुटं वाचा.

पण उलट चुकणारीही मुलं असतात. शतांश दशांशाहून लहान, म्हणून दोन अंकांची संख्या लहानच, असं त्यांना वाटतं. ती ०.४ मोठं म्हणतात, आपण बरोबरची खूण करतो आणि चूक निसटते. म्हणून दोन्ही प्रकारच्या जोड्या हव्यात. पहिला प्रकार: ०.४ व ०.३५, ०.६ व ०.१२, २.७ व २.१३. दुसरा: ०.७५ व ०.५, ०.८६ व ०.३, ३.४२ व ३.१. क्रम मिसळून द्या. प्रत्येकी तीन अशासाठी की अंदाजानं एक बरोबर येण्याची शक्यता १/२, तिन्ही येण्याची १/८. प्रत्येक जोडीखाली ‘का?’साठी एक ओळ ठेवा. खरी माहिती तिथे मिळते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना कारण तोंडी सांगू द्या, नाहीतर तुम्ही गणिताऐवजी मराठी तपासाल.

विडी_घरकुल_गुरुजी:
उपक्रमात ‘शेवटी शून्य लावून अंक सारखे करा’ ही युक्ती आधी देऊ नका. गुण वाढतात, समज तशीच राहते. १० सेंमी × १० सेंमी चौकट, १०० घरं, ०.४ साठी चार उभ्या पट्ट्या रंगवायच्या, म्हणजे ४० घरं, आणि शेजारच्या चौकटीत ३५. नंतर मीटरपट्टी: ०.४ मीटर म्हणजे ४० सेंमी. पैशांपासून सुरुवात टाळावी असं माझं मत. १२ रुपये ५ पैसे मुलं १२.५ लिहितात, आणि दशांश चिन्ह त्यांच्यासाठी दोन नाण्यांमधली रेघ होऊन बसतं.

समज तपासायला ०.३ आणि ०.४ यांच्या मधली संख्या विचारा. ‘मधे काहीच नाही’ असं उत्तर आलं तर काम बाकी आहे.

जुळे_सोलापूर_बीएड:
आणि सरासरी? मार्गदर्शक टी-चाचणी मागतात, म्हणजे दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणारं गणित.

गणित_अध्यापक:
मुलं तीच असल्यानं जोडीची टी-चाचणी लावा, म्हणजे प्रत्येक मुलाच्या आधीच्या व नंतरच्या गुणांतला फरक घेऊन केलेली. दोन स्वतंत्र गटांचं सूत्र इथे चुकीचं, तरी अहवालांत सर्रास दिसतं. दोन्ही वेळा हजर असलेलीच मुलं धरा. सोबत कोष्टक द्या: आधी कोणत्या प्रकारची चूक, नंतर कोणती. पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात सरकलेलं मूल सरासरीत दिसत नाही. उत्तरचाचणीत अंक बदला, जोड्यांचे प्रकार तेच ठेवा, आणि पाचवा आठवडा पुनर्चाचणीसाठी मोकळा सोडा. नावांऐवजी संकेतांक लिहा, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी पूर्वचाचणीआधी घ्या.