दीर्घकालीन गुडघेदुखी आणि विसरभोळेपणा: यांचा खरोखर संबंध आहे का?

वारणाकाठ

नमस्कार. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांना दोन्ही गुडघ्यांच्या झिजेचा जुना त्रास आहे. अलीकडे बोलता बोलता त्यांना नेमका शब्द आठवत नाही, आणि भिशीचा जो हिशेब त्या वर्षानुवर्षे तोंडी सांभाळत आल्या, तो आता चुकू लागला आहे. घरातील सर्वांचे मत "वय झाले" एवढेच आहे. परंतु गुडघे जास्त दुखतात त्या दिवसांत विसरणेही वाढते, असे मला सातत्याने जाणवते. सततच्या वेदनेमुळे मेंदू आकसतो असे मध्यंतरी वाचनात आले आणि तेव्हापासून काळजी वाटते. पायांत झिणझिण्या येतात म्हणून त्यांना रात्री अमिट्रिप्टिलिनची गोळी चालू आहे. वेदनेने मेंदूची हानी होते का, झालेली हानी भरून येते का, आणि गुडघ्याची वाटी बदलण्याचा निर्णय घेताना हा मुद्दा विचारात घ्यावा का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. सासूबाई शस्त्रक्रियेला अजून तयार नाहीत.

निवृत्त भूलतज्ज्ञ

आपण जे वाचले त्याचे मूळ बहुधा २००४ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असावे. जुनाट कंबरदुखीच्या २६ रुग्णांचे एमआरआय तेवढ्याच निरोगी व्यक्तींशी ताडून पाहिले असता रुग्णांच्या मेंदूतील करड्या द्रव्याचे, म्हणजे चेतापेशींची दाटी असलेल्या भागाचे, आकारमान ५ ते ११ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ही घट १० ते २० वर्षांच्या नैसर्गिक वार्धक्याएवढी आहे असे संशोधकांनी नमूद केले. वर्तमानपत्रांनी हे एकच वाक्य उचलले. पुढे काय झाले ते फारसे कोणी छापले नाही. २००९ साली हॅम्बुर्ग येथे खुब्याच्या झिजेच्या रुग्णांमध्ये अशीच घट दिसली, पण सांधा बदलल्यावर ज्यांच्या वेदना थांबल्या त्यांच्या मेंदूतील त्याच भागांत करडे द्रव्य पुन्हा वाढलेले आढळले. २०११ साली माँट्रियलमध्येही उपचारांनी कंबरदुखी कमी झालेल्या रुग्णांत ६ महिन्यांनी कपाळामागच्या, म्हणजे लक्ष आणि नियोजन सांभाळणाऱ्या, भागाची जाडी वाढली होती. हे अभ्यास लहान आहेत, तरीही पेशी मरून गेल्या असत्या तर अशी भरपाई झाली नसती, हे लक्षात घ्यावे. अल्झायमरमधील ऱ्हास आणि हा बदल एकाच मापाने मोजू नयेत.

दुखणे वाढले की विसरणे वाढते, हे आपले निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. वेदना लक्ष वेधून घेते, आणि जी गोष्ट लक्ष देऊन ऐकलीच गेली नाही ती आठवणार तरी कशी? त्यात रात्रीची झोप मोडत असेल तर दुसऱ्या दिवशी भर पडतेच. मात्र माझी पहिली शंका गोळीवर आहे. स्मरणासाठी मेंदू ज्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनावर अवलंबून असतो, त्याचेच काम अमिट्रिप्टिलिन अडवते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना दिले जाणारे डोनेपेझिल नेमके हेच रसायन वाढवते. त्यामुळे वृद्धांना हे औषध शक्यतो देऊ नये असा संकेत आहे. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. डॉक्टरांना स्पष्टपणे विचारा. त्याच भेटीत बी१२, थायरॉईड आणि साखर यांची तपासणी करून घ्या, कारण बी१२ कमी असेल तर झिणझिण्या आणि विसरणे दोन्ही त्यानेच होऊ शकते.

आकडेमोड

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. २०१७ साली अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात १९९८ आणि २००० या दोन्ही वेळी मध्यम ते तीव्र वेदना सांगणाऱ्यांची स्मृती इतरांपेक्षा ९.२ टक्के अधिक वेगाने घसरल्याचे दिसले. म्हणजे संबंध आहे. तो कार्यकारणाचा आहे हे मात्र अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. वेदनाशामक औषधे, खिन्नता किंवा वेदना आणि विसरणे या दोन्हींच्या मुळाशी असलेला तिसराच आजार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील भिगवणच्या सर्वेक्षणात सुमारे १८ टक्के प्रौढांनी सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार केली होती. इतक्या सर्रास आढळणाऱ्या दुखण्यापुढे स्मृतिभ्रंश ठरलेलाच आहे असे मानले, तर घराघरांत निष्कारण भीती पसरेल.

वारणाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गोळीचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. त्यांचे बाहेर जाणे जवळजवळ बंद झाले आहे, हे सांगायचे राहिले. पूर्वी त्या रोज देवळात जात. आता जिना नको म्हणून दिवसभर खाटेवर किंवा टीव्हीसमोर असतात.

चालता बोलता

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या मते आपल्या या शेवटच्या वाक्यात प्रश्नाचा मोठा भाग दडला आहे. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची जी यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली दिली, तिच्यात जुनाट वेदना नाही. पण हालचालीचा अभाव, एकाकीपणा, खिन्नता, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वजनवाढ आहेत, आणि दुखरा गुडघा माणसाला यांतील बहुतेकांकडे ढकलतो. झिजलेला सांधा वापरला तर आणखी झिजेल, ही समजूत घराघरांत इतकी पक्की आहे की मुले प्रेमापोटीच आईला बसवून ठेवतात. प्रत्यक्षात मांडीचे स्नायू बळकट केल्याने दुखणे कमी होते. खुर्चीत बसून गुडघा सरळ करून धरणे, आधार घेऊन उठणे-बसणे आणि सपाट रस्त्यावर थोडे चालणे, यांपासून सुरुवात करता येईल. देवळापर्यंत रिक्षाने नेऊन परत येताना थोडे अंतर चालवत आणले, तर चार माणसांशी बोलणेही होईल. शस्त्रक्रियेचा निर्णय गुडघ्याची अवस्था आणि चालण्यातील अडचण यांवरूनच घ्यावा, केवळ मेंदूच्या भीतीने नव्हे.

निवृत्त भूलतज्ज्ञ

एक पुरवणी. शस्त्रक्रिया ठरलीच, तर विसरण्याची गोष्ट भूलतज्ज्ञांना आधी अवश्य सांगा, कारण अशा ज्येष्ठांना शस्त्रक्रियेनंतर काही दिवस भ्रम होण्याची शक्यता अधिक असते आणि ती आधी माहीत असेल तर औषधे जपून निवडता येतात. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतूनच करून घ्या. त्या दिवशी गुडघा फार दुखत असेल किंवा रात्र जागून काढली असेल, तर चाचणी पुढे ढकला.