आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा : ‘द रिदम ऑफ द नाइट’ ऐकणाऱ्यांचे अनुभव

१९९३ च्या अखेरीस इटलीत ‘कोरोना’ या नावाने ‘द रिदम ऑफ द नाइट’ हे नृत्यगीत प्रसिद्ध झाले. त्याचे संगीतनिर्माते फ्रान्चेस्को बोन्तेम्पी हे ली मॅरो या नावाने ओळखले जातात. पुढच्या काळात हे गाणे इटलीत पहिल्या, ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. चित्रफितीत दिसणारी, मंचावर उभी राहणारी आणि मुखपृष्ठावर झळकणारी तरुणी म्हणजे ब्राझीलची ओल्गा सूझा. गायलेला आवाज मात्र जोव्हाना बेर्सोला हिचा, जिला इटलीत जेनी बी म्हणतात. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला एकीने गावे आणि दुसरीने ओठ हलवावेत यात वावगे वाटत नाही. पण आपल्याकडे गाणारीचे नाव घरोघरी माहीत असते, आणि इथे ते बहुतेक श्रोत्यांपर्यंत पोहोचलेच नाही. म्हणून प्रश्न असा : हे गाणे आपण प्रथम कोठे ऐकले, आणि आवाज कोणाचा हे कळल्यावर आपले ऐकणे बदलले का? जमेल तितके सविस्तर लिहावे.

लंडन

मी १९९४ च्या उन्हाळ्यात परिचारिका म्हणून येथे आले. रविवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रेडिओवर आठवड्याची क्रमवारी लागे आणि सगळ्या जणी हातातले काम न सोडता ती ऐकत. त्या उन्हाळ्यात वेट वेट वेट या चमूचे एकच गाणे सलग पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. सप्टेंबरमध्ये व्हिगफील्ड या गायिकेच्या पहिल्याच गाण्याने थेट पहिल्या क्रमांकावर प्रवेश करून त्याला खाली उतरवले, आणि त्यामागे दुसऱ्या क्रमांकावर कोरोना येऊन थांबली. ही दोन्ही गाणी इटलीतल्या निर्मात्यांनी घडवलेली आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हते. माझ्या सहकारी या गाण्यांना सुट्टीवरून परत आणलेली गाणी मानत, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचे ऊन ओसरले की विसरायची. मी ते विसरले नाही, कारण रात्रपाळी संपवून पहाटेच्या बसमध्ये बसल्यावर कानांत तेच असे.

आवाजाविषयी मला फार उशिरा कळले. २०१३ मध्ये बॅस्टिल या ब्रिटिश चमूने हेच गाणे स्नॅप या दुसऱ्या चमूच्या एका गाण्यात मिसळून संथ लयीत गायले, आणि तेही इथे दुसऱ्याच क्रमांकावर गेले. त्या निमित्ताने झालेल्या गप्पांत कुणीतरी जेनी बीचे नाव घेतले. एकोणीस वर्षे मी चुकीच्या बाईचे मनोमन आभार मानत होते, हे मला लागले.

डोंबिवली

मी संवादिनी शिकवतो, त्यामुळे माझा अनुभव थोडा कानाच्या बाजूने लिहितो. केबलवर ही चित्रफीत वारंवार लागायची आणि माझ्या धाकट्या भावाने कोरोनाची कॅसेट आणली होती. हे गाणे मला पहिल्यापासून आवडले. ताल यंत्राचा आणि वादनही बहुतेक यंत्राचेच, तरी धृपदात आवाज वर चढतो तेव्हा तो पातळ होत नाही. छातीतून आलेला भरीवपणा वरच्या स्वरातही टिकतो, आणि ओळीच्या शेवटी स्वर सोडताना ती त्याला हलकेच झोका देते. असा गळा तयार व्हायला वर्षे लागतात.

त्याच कॅसेटमधले ‘बेबी बेबी’ ऐकताना मात्र मी थबकलो. आवाजाची जात वेगळी, शब्द उच्चारण्याची धाटणी वेगळी, श्वास घेण्याच्या जागाही वेगळ्या. मी भावाला म्हटले की ही ती नव्हे. त्याने मुखपृष्ठावरच्या ओल्गाच्या छायाचित्रावर बोट ठेवले आणि विषय संपवला. पुढे इंटरनेट आल्यावर खात्री झाली की ‘बेबी बेबी’ सँड्रा चेंबर्स या इंग्रज गायिकेने गायले आहे. त्या दिवशी मला माझे बरोबर ठरल्याचा आनंद झाला, हे मान्य करतो; पण त्याहून अधिक वाटले ते असे की दोन तयार गळे एका नावाखाली आणि तिसऱ्याच चेहऱ्याआड ठेवताना, ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही असे त्या मंडळींनी गृहीत धरले होते. ऐकणाऱ्याला फरक कळतो. त्याला विचारणारे कुणी नसते, एवढेच.

आता मी विद्यार्थ्यांना ही दोन गाणी लागोपाठ ऐकवतो आणि गायिका एक की दोन हे विचारतो. दहा-बारा वर्षांची मुलेही बहुधा बरोबर सांगतात.

तोरीनो, इटली

इथे नोकरीसाठी येऊन मला बरीच वर्षे झाली. माझ्या इटालियन सहकाऱ्यांना यात फसवणूक दिसत नाही. त्यांच्या मते कोरोना ही व्यक्ती नव्हती, तो एक प्रकल्प होता. निर्माता चाल बांधतो, कुणी गाते, कुणी मंचावर जाते. इटलीतल्याच ब्लॅक बॉक्स या चमूचे १९८९ चे ‘राइड ऑन टाइम’ याच वळणाचे : पडद्यावर कॅट्रिन किनोल, आणि आवाज अमेरिकन गायिका लोलीएटा हॉलोवे हिच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेला. दुसऱ्यांच्या आवाजावर ओठ हलवणाऱ्या मिली व्हॅनिली या जोडीचे ग्रॅमी पारितोषिक १९९० मध्ये काढून घेतले गेले, तरी नृत्यगीतांच्या या धंद्याने आपली रीत सोडली नाही.

मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. कामाची वाटणी समजते. वाटणीतले एक नाव सतत झाकलेले का राहावे, हे समजत नाही. समाधानाची गोष्ट अशी की २००० साली जेनी बी सानरेमोच्या गीत महोत्सवात नवोदितांच्या विभागात स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या चेहऱ्याने उभी राहिली आणि जिंकली. जिचा आवाज त्याआधी सहा वर्षे सगळे युरोप ऐकत होते, ती नवोदित म्हणून स्पर्धेत उतरली, हे मला आजही बोचते.

पुणे

मी हे गाणे नाचासाठी कधीच ऐकले नाही. आमच्या चित्रपट मंडळात क्लेअर डेनिस यांचा १९९९ चा ‘बो त्राव्हाय’ दाखवला गेला, तेव्हा ते मला भेटले. आफ्रिकेतल्या जिबूतीत तैनात असलेल्या फ्रेंच फॉरिन लीजन या परदेशी सैनिकांच्या दलातला, नोकरीतून बडतर्फ झालेला अधिकारी अखेरीस पिस्तूल घेऊन नीट आवरलेल्या पलंगावर पडतो. त्याच्या दंडाची शीर उडताना दिसते आणि तिथेच हे गाणे हळूच सुरू होते. पुढच्याच क्षणी तो आरशांच्या भिंतीपुढे, रिकाम्या नृत्यगृहात एकटा आहे. ती भूमिका करणारा नट डेनिस लाव्हाँ आधी सिगारेट ओढत रेंगाळतो आणि मग अंग फेकून देत नाचतो. दिवे लागल्यावर बराच वेळ कुणी उठले नाही. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट मासिकाच्या मतदानात समीक्षकांनी या चित्रपटाला सर्वकालीन यादीत सातवे स्थान दिले, आणि ज्या गाण्याला लोक उन्हाळ्यापुरते म्हणत ते त्याच्याबरोबर तिथे जाऊन बसले. आवाज कोणाचा हे कळल्यावर माझ्यासाठी तो प्रसंग अधिक गडद झाला. पडद्यावरच्या माणसाचे सगळे आयुष्य गणवेशाआड गेलेले, आणि त्याला मोकळे करणारा आवाजही कुणाच्या तरी आड उभा.

मडगाव

मी लग्नाच्या रिसेप्शनना संगीत वाजवतो. हे लावले की चाळिशीपुढचे लोक खुर्च्यांवरून उठतात. तरुणांना ते २०१९ च्या ब्लॅक आइड पीज आणि जे बाल्विन यांच्या ‘रितमो’मुळे ओळखीचे वाटते, कारण त्यात याच गाण्याचा तुकडा वापरला आहे. गायिकेचे नाव मला आजवर कुणी विचारलेले नाही आणि मीही ते शोधले नव्हते. वरचे सगळे वाचून आज शोधले.

मुंबई

मी स्क्रॅच गाते, म्हणजे संगीतकाराला चाल निर्मात्यापुढे मांडता यावी म्हणून गाणे आधी माझ्या आवाजात मुद्रित होते आणि मग नामांकित गायिका ते पुन्हा गाते. एकदा ते पुन्हा गायले गेलेच नाही. माझाच आवाज राहिला, आणि श्रेयनामावलीत माझे नाव नव्हते. मी विचारले तेव्हा राहून गेले असे उत्तर मिळाले. म्हणून जेनी बीची हकिकत मी परकी म्हणून वाचू शकत नाही. आपल्याकडेही १९४९ मध्ये ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नायिकेच्या भूमिकेचेच नाव छापले होते, आणि गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. त्यांचे नाव पुढे आले, कारण श्रोत्यांनी आकाशवाणीकडे ते विचारले.

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तिच्या वर्गाचा नाच या गाण्यावर होता. निवेदनाच्या कागदावर ‘गायिका : कोरोना’ असे होते. मी बाईंकडून पेन मागून घेतले आणि दुरुस्ती केली. निवेदन करणाऱ्या आठवीतल्या मुलीने ‘जोव्हाना बेर्सोला’ हे नाव दोनदा पुटपुटून पाहिले आणि मग ध्वनिक्षेपकावर न अडखळता वाचले.