मदत हवी आहे: मानखुर्दच्या मुलामुलींसाठी लॅक्रॉसच्या स्टिक आणि पावसाळ्यात जागा

नमस्कार मंडळी,

मानखुर्दच्या एका वस्तीत मी आणि दोन मैत्रिणी शनिवार-रविवार मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. वर्ग सुटला की खेळ. दिवाळीपासून त्यात लॅक्रॉस आलाय, कारण कॅनडाहून आलेल्या माझ्या भावाने सहा जुन्या स्टिक आणल्या. आता पंचवीसेक मुलं येतात, निम्म्याहून जास्त मुली, आणि एका स्टिकमागे चार जण रांगेत उभे असतात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: दांड्याच्या टोकाला जाळीचा खोलगट खिसा असतो. त्यात चेंडू झेलायचा, पळत न्यायचा, पास द्यायचा आणि सहा फूट बाय सहा फुटांच्या गोलमध्ये मारायचा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो 'सिक्सेस' प्रकारात आहे, म्हणजे प्रत्येक संघात सहा खेळाडू आणि आठ-आठ मिनिटांचे चार भाग. हा निर्णय आपल्या मुंबईतच झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. आपल्याकडे गाजलं क्रिकेट, पण त्याच निर्णयात लॅक्रॉसही होता.

माझा जीव यात का अडकलाय ते सांगते. बारा वर्षांची मुलगी आज क्रिकेट शिकायला गेली, तर शिवाजी पार्कला तिच्यासमोर वर्षानुवर्षं नेटमध्ये घाम गाळलेली मुलं असतात. लॅक्रॉसमध्ये अख्खी मुंबई अजून पहिलीच्या वर्गात आहे. पण मोठ्या फीच्या शाळांत तो आधी रुजला, तर आमच्या पोरी पुन्हा कुंपणाबाहेरच राहतील. खरं तर हा श्रीमंतांनी काढलेला खेळ नाहीच. तो उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा. त्यांतल्या होडिनोशोनी लोकांचा संघ १९९० पासून जागतिक स्पर्धेत स्वतःच्या झेंड्याखाली उतरतो. हे ऐकल्यापासून आमच्या मुलांना हा खेळ जास्तच आपला वाटतो.

तर मदत हवीय ती अशी. नवीन स्टिक बाहेरून मागवल्या की कुरिअर आणि कस्टम धरून खर्च आवाक्याबाहेर जातो. दांड्यासाठी ॲल्युमिनियमचा पाइप इथे मिळेल, पण पुढचं प्लास्टिकचं हेड आणि त्यातली जाळी कोण करून देईल? खरा चेंडू भरीव रबराचा, साधारण १४५ ग्रॅमचा, लागला तर जोरात लागतो. म्हणून सध्या टेनिसचा चेंडू वापरतो आणि अंगाला अंग भिडू देत नाही. त्यामुळे हेल्मेटशिवाय भागतं. पण पुढे मुलींना निदान गॉगल आणि माउथगार्ड लागतीलच.

दुसरं, जून ते सप्टेंबर आमच्या मैदानात घोट्यापर्यंत चिखल असतो. तेव्हा काय करायचं?

आणि तिसरं सगळ्यात अवघड. मुलगी आठवीत गेली की घरचे खेळ बंद करतात. कोणी हे थांबवू शकलं असेल तर कसं, ते जरूर लिहा.

---

प्रतिसाद, खोखोवाला:

ताई, आमच्या खो-खोच्या मुलींचंही हेच होतं. आम्ही दोन गोष्टी केल्या. सरावाची वेळ दिवसाउजेडी ठेवली आणि मुलींना घरापासून गटाने न्यायला-सोडायला एक मोठी मुलगी नेमली. आयांना महिन्यातून एकदा मैदानावर बोलावतो. वडिलांशी बोलणं नंतर, आधी आई तयार झाली पाहिजे. फुल ट्रॅकपँट चालते हे पहिल्याच दिवशी सांगा, अर्धी हरकत तिथेच मिटते.

प्रतिसाद, वरळीकर:

जाळीची काळजी सोडा. आमच्या कोळीवाड्यात जाळी विणणारे आणि दुरुस्त करणारे हात अजून आहेत. एक स्टिक नमुना म्हणून आणा, नायलॉनच्या दोरीने खिसा विणायला ते शिकवतील. मुलं स्वतः शिकली तर पुन्हा कोणाकडे जायला नको. हेडचं मात्र अवघड आहे. साचा बनवायचाच खर्च मोठा, पन्नास-साठ नगांसाठी परवडणार नाही. परदेशातल्या नातेवाइकांना नुसती वापरलेली हेड आणायला सांगा. दांड्याशिवाय ती हलकी असतात, बॅगेत मावतात.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. वरळीकर दादा, येत्या रविवारी दोन मोठ्या मुलींना घेऊन येते, व्यक्तिगत निरोप पाठवते. खोखोवाले दादा, आयांना बोलावण्याचं याच महिन्यात करतो. पावसाळ्यासाठी महापालिकेच्या शाळेचा हॉल किंवा निदान एक लांब कोरी भिंत मिळाली तरी चालेल. भिंतीवर चेंडू मारून झेलणं हाच या खेळाचा मुख्य सराव, आणि त्यात उजव्या-डाव्या दोन्ही हातांना वळण लागतं. मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा आहे. रविवारी शाळा उघडून मिळण्यासाठी अर्जात काय लिहावं, सोबत कोणती कागदपत्रं जोडावीत, हे कोणी अनुभवाने सांगेल का? आमची संस्था नोंदणीकृत नाही.