मदत हवी आहे: डिजिटल फळ्यावर बोट लावल्यावर सूर उशिरा वाजतो

स्वरांगण
नमस्कार. जरा घाईत लिहिते आहे. मी दुसरी-तिसरीच्या मुलांना संगीत शिकवते. या सत्रात वर्गात मोठा टचचा फळा बसवला. त्यावर सा पासून वरच्या सा पर्यंत आठ रंगीत चौकोन केलेत, बोट लावलं की तो सूर वाजतो. नुसते सूर ऐकवायला ठीक, पण तालात वाजवायला घेतलं की सगळं कोलमडतं. काल एका मुलीने सा वर बोट ठेवलं, काही आलं नाही म्हणून तिने पुन्हा दाबलं, आणि मग दोन सा एकापाठोपाठ वाजले. तिने हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर पुढे यायलाच तयार होईना. सोमवारी पालकांसमोर तास आहे. फळा बंद-चालू करून झाला, अपडेट करून झालं. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ ते सांगा.

वायरमन
फळा म्हणजे प्रोजेक्टरवाला की टीव्हीसारखं पॅनेल? चौकोन कशात केलेत? आवाज कुठून येतो?

किलबिल
क्रोम म्युझिक लॅब उघडा, ब्राउझरमध्ये चालणारी गूगलची संगीताची साइट आहे. २०१६ पासून आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. त्यातलं साँग मेकर माझ्या वर्गातली मुलं सोडतच नाहीत. चौकोन रंगवले की लगेच चाल तयार. तुमचे आठ चौकोन विसराल.

षड्जपंचम
सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही. बावीस वर्षं पेटीवर शिकवतोय. पट्टी दाबली की सूर, मध्ये कोणी नाही. फळ्यावर मूल रंग बघून बोट लावतं, कानाला काम उरत नाही. पालकांसमोर पेटी घेऊन बसा, तास छान होईल.

स्वरांगण
टीव्हीसारखं पॅनेल आहे. चौकोन प्रेझेंटेशनमध्ये केलेत, प्रत्येकाला माझ्या पेटीवरचा सूर रेकॉर्ड करून जोडलाय. षड्जपंचम सर, पेटी माझ्याकडेही आहे. पण अडतीस मुलांना एक पेटी दिसत नाही, आणि सा च्या वर रे कुठे आहे हे मला त्यांना डोळ्यांनीही दाखवायचं आहे. कृपया उशिराचं सांगा.

वायरमन
आवाज कुठून येतो, हे राहिलं.

स्वरांगण
आवाज उत्तम आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो.

वायरमन
किती मोठा आहे ते नाही विचारत, ताई. पॅनेलचे स्वतःचे स्पीकर की बाहेरचा? बाहेरचा असेल तर वायरने की ब्लूटूथने?

स्वरांगण
ब्लूटूथ. पण दोष त्याचा नाही. गाण्यांचे व्हिडिओ त्याच स्पीकरवर लावते, ओठ आणि शब्द अगदी जुळतात.

वायरमन
सापडलं. ब्लूटूथमध्ये आवाजाचा डेटा आधी दाबून लहान केला जातो, मग तुकड्यांनी पाठवला जातो, आणि स्पीकर ते तुकडे थोडे साठवून मगच वाजवतो. यात १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. व्हिडिओत पुढचं चित्र यंत्राकडे आधीच असतं, म्हणून ते चित्रच तेवढं रोखून धरतं आणि दोन्ही जुळतात. मुलीचं बोट कधी पडणार हे त्याला आधी कसं कळणार? रोखून धरायला काही नाहीच. साध्या ऑक्स वायरने स्पीकर जोडा, नवीन काही घेऊ नका.

मात्रा१६
सहमत. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. ३०० चा उशीर म्हणजे जवळपास अर्धी मात्रा! मूल बरोबर वाजवतंय आणि कानावर चूक पडतेय. आधी मोजून घ्या: फोनवर रेकॉर्डिंग लावून फोन फळ्याजवळ धरा आणि चौकोनावर नखाने टक् करा. रेकॉर्डिंगच्या आलेखात आधी नखाचा उंचवटा दिसेल, मग सुराचा. मधलं अंतर म्हणजे तुमचा उशीर.

हस्तलिखित
स्वरलिपी फळ्यावर टाकताना भातखंडे पद्धतीच वापरा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारला (वरच्या सप्तकाला) वर टिंब. वरच्या सा वर टिंब दिलंय ना?

किलबिल
षड्जपंचम, कान बंद पडतो हे पटत नाही. माझी मुलं आधी चाल गुणगुणतात आणि मग चौकोन शोधतात.

षड्जपंचम
तुम्ही आधी गुणगुणायला लावता म्हणून. तेच तर म्हणतोय. रंग झाकून एकदा घेऊन बघा.

निरीक्षक
एक विचारू? एक मूल फळ्याशी असताना बाकीचे सदतीस काय करतात? माझ्याकडे दंगा तिथेच सुरू व्हायचा. आता बाकीचे सोळा मात्रांचा त्रिताल हातावर धरतात: १, ५, १३ या मात्रांना टाळी, ९ ला खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडा. फळ्याशी उभ्या मुलाला लय वर्गाकडून मिळते, आणि पाळी नसलेल्यालाही काम असतं. आठ मात्रांत एकच सूर, एवढ्यानेच सुरुवात करा.

अवांतर: पॅनेल इन्फ्रारेडचं असेल तर बाह्यांवर लक्ष ठेवा. त्यात काचेपुढे प्रकाशाची जाळी असते. लोंबती बाही आड आली तरी त्याला ते बोटच वाटतं. आणि चौकोन खाली घ्या, सात वर्षांच्या मुलाचा हात फार वर पोचत नाही.

स्वरांगण
मोजलं. ब्लूटूथवर ४१०! वायर लावल्यावर १९०. वायरमन, व्हिडिओवरून मी उगाच अडून बसले, मनापासून धन्यवाद. पण १९० पण जाणवतात. आता?

वायरमन
४१० एकट्या ब्लूटूथचे वाटलेच नव्हते. सुरांच्या फाईली उघडून बघा. रेकॉर्डचं बटण दाबून पेटीपर्यंत हात जाईतो जी शांतता राहते, ती सुरुवातीला तशीच असणार. ती कापा. आणि एमपीथ्री नको, वेव्ह ठेवा; एमपीथ्री बनवतानाही सुरुवातीला किंचित रिकामी जागा येते.

स्वरांगण
होती! प्रत्येक फाईलमध्ये वेगवेगळी, ध मध्ये सगळ्यात जास्त. म्हणूनच ध नेहमी मागे राहायचा आणि मी मुलांना "ध ला घाई करा" म्हणत होते. त्यांना तसं म्हटल्याचं आता वाईट वाटतंय. सगळ्या कापल्या. आता ७० च्या आसपास येतंय. आज वर्ग टाळी धरून बसला, कालची मुलगी तिसऱ्या हाकेला आली. बाही कोपरापर्यंत दुमडली, चौथ्या मात्रेपर्यंत नुसती ऐकत राहिली आणि पाचव्या मात्रेच्या टाळीला बरोबर सा लावला. पुन्हा दाबला नाही.

एक राहिलंय. दोघांनी मिळून सा आणि प लावला की पहिला सूर तुटतो. हे फळ्याचं की प्रेझेंटेशनचं?

वायरमन
फळ्यातल्याच चित्रं काढायच्या पाटीवर दोघांना एकदम रेघा मारायला सांगा. दोन्ही उमटल्या तर फळा ठीक, प्रेझेंटेशन एका वेळी एकच आवाज सोडतंय. तसं असेल तर सोमवारपुरती सा-प ची एकत्र फाईल करून नववा चौकोन द्या.

षड्जपंचम
त्यापेक्षा सा फळ्यावरून ठेवा आणि प वर्गाला गायला सांगा.

स्वरांगण
सर, हे करते. उद्याच घेऊन बघते.