पर्यटन व्यवस्थापनात मास्टर्स करायचंय, गोव्यातच राहून. मदत हवी आहे

कुळागरवाली

नमस्कार मंडळी,

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली. इतिहास घेऊन बी.ए. केलं आणि किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागले. अजून तिथंच आहे. आता पर्यटनात मास्टर्स करायचं मनात पक्कं होत आलंय, पण नेमकं काय घ्यावं इथं घोडं अडलंय. या क्षेत्रात शिकलेल्या, शिकवणाऱ्या किंवा धंदा करणाऱ्या कुणीही सांगितलं तर फार मदत होईल.

कशासाठी करायचंय ते आधी सांगते, कारण "एमबीए कर, पगार वाढेल" हे उत्तर मला घरीदारी ऐकून झालंय.

आमच्या पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी खाणीवर अवलंबून होतं. बाबांचा ट्रक होता. 2012मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि 2018मध्ये खाणींचे 88 भाडेपट्टे (लीज) रद्द झाल्यावर ट्रक दारातच उभा राहिला. हप्ते थकायला लागले तेव्हा विकला. आज आमच्या वाड्यावरची माझ्या वयाची निम्मी मुलं कळंगुट-कांदोळी-बागा भागात हॉटेलांत नाहीतर शॅकवर आहेत. भाड्याच्या खोलीत चौघं-पाचजण राहतात आणि चवथीला घरी येतात. तीही सुट्टी मिळाली तर.

आणि इकडे आमच्याकडे काय नाही? आजोबांचं कुळागर आहे. सुपारी, मिरवेल, जायफळ, केळी, आणि मधून वाहणारा पाट. म्हादई अभयारण्य शेजारी आहे. 2023च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, तो आम्हाला दाबोळीपेक्षा जवळ. तरी पर्यटक आमच्या रस्त्याने जातो तो खिडकीतून बघतच.

हॉटेलात आम्ही दूधसागरची एक दिवसाची सहल विकतो. पाहुणा पहाटे निघतो, कुळेला जीपमध्ये बसतो, धबधबा बघतो, येताना फोंड्याकडे मसाल्याच्या बागेत केळीच्या पानावर जेवतो आणि अंधार पडायच्या आत परत. एका दुपारी काउंटर शांत होता तेव्हा मी त्या सहलीचं व्हाउचर समोर ठेवून मागच्या कोऱ्या बाजूला मांडत बसले. आमचं कमिशन, टूर कंपनीचा वाटा, गाडीवाला, जीप, जेवण. वरचे दोन आकडे मला ठाऊक होते. खालचे तीन कुणालाच नीट सांगता आले नाहीत, आणि गावात राहणारे पैसे याच तीन आकड्यांतले! तेव्हापासून डोक्यात एकच आहे : किनाऱ्यावर येणारा पैसा डोंगराकडे का चढत नाही, आणि तो चढावा म्हणून काय करता येतं, हे मला रीतसर शिकायचंय.

तर विचारायचं ते असं. हॉस्पिटॅलिटी घेऊ की टुरिझम? नोकरी सोडून दोन वर्षं पूर्णवेळ शिकू की इग्नू या मुक्त विद्यापीठातून दूरस्थ? इतिहासवालीला फायनान्स झेपतं का? आणि शेवटचा प्रबंध आपल्याच भागावर करू देतात का? भाऊ यंदा बारावीला आहे, त्यामुळे घरात माझा पगार बंद होणं ही लहान गोष्ट नाही.

---

रात्रपाळी

ताई, मी हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, काही वर्षं नोकरी, मग हॉस्पिटॅलिटीत एमबीए या वाटेने आलो. सध्या एका हॉटेलच्या रेव्हेन्यू विभागात, म्हणजे खोल्यांचे दर आणि उत्पन्न बघणाऱ्या विभागात आहे. तुमचा प्रश्न वाचून सरळ सांगतो, तुम्हाला टुरिझम हवंय.

हॉस्पिटॅलिटीचं पदव्युत्तर शिक्षण हॉटेलच्या चार भिंतींच्या आतलं असतं. खोल्या, खानपान, माणसं, दर, मालमत्ता. आम्ही दिवसभर काय करतो त्याचा एक नमुना देतो. समजा 100 खोल्यांचं हॉटेल आहे. 5,000च्या दराने 60 खोल्या गेल्या, तर रेव्हपार, म्हणजे उपलब्ध खोलीमागचं उत्पन्न, 3,000. दर 4,000वर आणला आणि 80 गेल्या, तर 3,200. कागदावर दुसरा दिवस सरस. पण एकूण उत्पन्न वाढलं फक्त 20,000, आणि जादा खोल्या भरल्या 20. म्हणजे जादा खोलीमागे हातात आले 1,000. त्यात धुलाई, नाश्ता, वीज, बुकिंग साइटचं कमिशन भागवा. हा हिशेब मला मनापासून आवडतो, त्यावर माझं घर चालतं. पण तुमच्या व्हाउचरच्या मागच्या बाजूचे खालचे तीन आकडे यातून कधीच मिळणार नाहीत.

फायनान्सची भीती काढून टाका. आमच्या वर्गात साहित्यवाले होते, बी.एस्सी.वाले होते. पहिल्या सत्रात ताळेबंद वाचायला त्रास होतो, दुसऱ्यात सवय होते. नाइट ऑडिट केलंय ना तुम्ही? मग जमा-खर्च जुळवण्याची नजर तुमच्याकडे आहेच.

---

फोंड्याचा_मास्तर

मी पर्यटन हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही व्हाउचरवर जे मांडत होता त्याला आमच्याकडे 'लीकेज' म्हणतात. पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातला जो भाग त्या जागी न थांबता बाहेर निघून जातो तो. जो थांबतो तो स्थानिक हातांतून किती वेळा फिरतो, हे 'मल्टिप्लायर'मध्ये येतं. हॉटेलातली भाजी, मासे, चादरी, व्यवस्थापक, मालक, सगळंच राज्याबाहेरून आलं तर पर्यटकांची संख्या कितीही वाढो, गावाला ती जाणवत नाही. किनाऱ्याबद्दल जे बोललं जातं ते बटलर या पर्यटन अभ्यासकाच्या 1980च्या मांडणीवरून वाचलं की डोळ्यांपुढे उभं राहतं. एखादं ठिकाण आधी मोजक्या भटक्यांना सापडतं, मग स्थानिक त्यात उतरतात, मग बाहेरचं भांडवल येतं, विकास होतो, साचलेपण येतं, आणि तिथून एकतर उतार नाहीतर नवा जन्म. साठ-सत्तरच्या दशकांतलं हिप्पींचं हणजुणे-कळंगुट, ऐंशीच्या दशकात सुरू झालेली चार्टर विमानं, आणि आजचा तो किनारा एकापुढे एक ठेवून बघा. डॉक्सी या दुसऱ्या अभ्यासकाने 1975मध्ये स्थानिकांच्या मनाच्या पायऱ्या मांडल्या : आनंद, उदासीनता, चीड, विरोध. सत्तरी अजून पहिल्या पायरीवर आहे. तिथे आत्ताच विचार करणारं माणूस हवं, चीड सुरू झाल्यावर नव्हे.

आता कुठे शिकायचं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आयआयटीटीएम ही संस्था 1983ची. मुख्यालय ग्वाल्हेरला, आणि भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोरबरोबर गोव्यातही केंद्र आहे. गोव्यातलं केंद्र म्हणजे राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. जीवरक्षक आणि बोटचालक तिथे घडतात हे लोकांना ठाऊक असतं, पण तिच्या मूळ संस्थेचा पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापनातला दोन वर्षांचा एमबीए आहे. प्रवेशासाठी कॅट, मॅट, सीमॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षांचे गुण धरतात. कोणत्या केंद्रात किती जागा, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा.

गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलमध्ये हॉस्पिटॅलिटी, ट्रॅव्हल आणि टुरिझमचा पाच वर्षांचा एकात्मिक एमबीए आहे. तो बारावीनंतरचा, म्हणजे तुमच्यापेक्षा तुमच्या भावाने त्याचा विचार करावा.

इग्नूचा एमटीटीएम, म्हणजे पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापनातला मास्टर्स, कमी लेखू नका. कमीत कमी दोन वर्षं, पण सावकाश करायची मुभा आहे. स्वाध्याय लिहून द्यायचे आणि जून किंवा डिसेंबरात परीक्षा. नोकरी चालू राहते. मात्र वर्गातली भांडणं, सोबतचे विद्यार्थी आणि प्लेसमेंट या तीन गोष्टी त्यात मिळत नाहीत. पुढे शिकवायची इच्छा झाली तर यूजीसी नेटला पर्यटन प्रशासन आणि व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आहे.

प्रबंध आपल्या भागावर करू देतात का? नुसतं करू देतात असं नाही, मार्गदर्शक खूश होतो. तुमचा विषय तर तयारच आहे. ती एक सहल घ्या, 'व्हॅल्यू चेन' म्हणून पहिल्या रुपयापासून शेवटच्या रुपयापर्यंत तिचा माग काढा. कुळेचे जीपवाले, बागेत वाढणाऱ्या बाया, वाटेवर लिंबूसोडा विकणारा, सगळ्यांशी बोला. पावसाळ्यात जीप बंद असतात तेव्हा ही माणसं काय करतात ते जरूर विचारा. अर्धं उत्तर त्या महिन्यांत असतं.

---

पोफळीखाली

मी सत्तरीतच होमस्टे चालवते. दोन खोल्या. डिग्री नाही.

मास्तरांचा मान राखून बोलते, दोन वर्षं आणि इतका पैसा घालवण्याआधी कुळागरात एक खोली तयार करून बघ ग. बटलर मला माहीत नाही, पण रात्री दहाला पाहुणा "एसी कुठाय" म्हणतो तेव्हा काय बोलायचं ते माहीत आहे.

कागदपत्रांचं सांगते, कारण ते कुणी नीट सांगत नाही. 1982चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे, त्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी केल्याशिवाय एकही पाहुणा ठेवायचा नाही. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. तू हॉटेलात हे रोज करत असशील, इथे ते तुलाच आठवणीने करायचं, मग घरात लग्न असो की सुतक. जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची उलाढाल. तुझी त्याखाली असली तरी साइटवरून आलेल्या बुकिंगवर साइट कर लावते, आणि तिचं कमिशन वेगळं. म्हणून पहिल्यांदा आलेला पाहुणा साइटवरून येऊ दे, दुसऱ्यांदा थेट फोनवरून आला पाहिजे. आणि अभयारण्याच्या हद्दीत फिरवायचं तर वन खात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

पाहुणे काय मागतात? खतखतं, पेज, उकड्या तांदळाचा भात, कुळागरातून एक फेरी. मिरवेल पोफळीवर कशी चढवतात हे माझे सासरे दाखवतात तेव्हा शहरातली मुलं मोबाइल खिशात घालतात. त्यासाठी मला वेगळं काहीच आणावं लागत नाही. आणावी लागली ती स्वच्छ न्हाणीघराची लादी आणि पाण्याची दुसरी टाकी. तिथे कंजूषपणा करू नकोस.

---

फोंड्याचा_मास्तर

पोफळीखाली ताई, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना तुमच्यासारख्यांकडेच पाठवतो. फरक एवढाच की तुमचा प्रश्न दोन खोल्यांचा आहे आणि तिचा अख्ख्या पट्ट्याचा. तुमच्यासारख्या 30 घरांना एकत्र बांधायचं, दर ठरवायचे, किती पाहुणे म्हणजे फार हे पंचायतीसमोर आकड्यांनी मांडायचं, खात्याकडून योजना मंजूर करून घ्यायची, त्यासाठी अहवाल लिहिता यावा लागतो आणि अभ्यासलेल्या माणसाचा शब्द वजनाने ऐकला जातो. पदवी तिथे कामाला येते.

---

पोफळीखाली

30 घरं एकत्र आणून दाखवलीत तर मी पहिली सही करीन. खरंच सांगते. एकटीने दर टिकवणं फार जड जातं, शेजारी दोनशेने खाली आला की पाहुणा तिकडे.

---

कुळागरवाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तिन्ही उत्तरं बाबांना वाचून दाखवली. पोफळीखाली ताईंचं न्हाणीघराचं वाक्य आईला पटलं, आता तिच्या तोंडी तेच आहे.

टुरिझम घ्यायचं हे ठरलं. पूर्णवेळ की इग्नू, यावर घरात अजून एकमत नाही. माझा कल असा की या वर्षी नोकरी करत परीक्षा द्यावी, गोव्यातल्याच केंद्रात जागा मिळाली तर राजीनामा, नाही मिळाली तर इग्नू. ग्वाल्हेर-नोएडाला जाऊन राहणं परवडणार नाही, आणि ज्या भागाचा अभ्यास करायचा तोच सोडून जाणं मला पटतही नाही. दरम्यान कुळागरातलं जुनं माडीघर साफ करायला घेतलंय. नोंदणीला कोणते कागद लागतात ते पर्यटन खात्यात जाऊन विचारून येते. घर आजोबांच्या नावावर आणि वारस सहा, तिथे अडेल असं वाटतंय.

सीमॅटची तयारी शिफ्ट सांभाळून कशी करावी? गणित दहावीनंतर हातात धरलेलं नाही.

---

रात्रपाळी

सीमॅटला पाच विभाग : गणित आणि आकडेवारी, तर्क, भाषा, सामान्य ज्ञान, नवोन्मेष-उद्योजकता. प्रत्येकी 20 प्रश्न, एकूण 100, वेळ तीन तास. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. गणितासाठी टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा एवढं आधी पक्कं करा, दहावीचंच पुस्तक काढा. बाकीचे चार विभाग तुमच्या हातातले आहेत. इंग्रजी तुम्ही काउंटरवर रोज बोलता. रात्रपाळीत दोन ते चार काउंटर शांत असतो, मी तेव्हाच मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायचो. सकाळच्या शिफ्टच्या दिवशी अभ्यासाला हात लावू नका, झोपा.

वारसांचं म्हणाल तर सहाही जणांच्या ना हरकत पत्राबद्दल खात्यात विचारा आणि चवथीला सगळे घरी येतील तेव्हाच सह्या घेऊन टाका. नंतर एकेकाला गाठता गाठता वर्ष जातं.