सिगिरिया: पायथ्याच्या बागा सोडू नका
श्रीलंकेतला सिगिरियाचा कातळ, म्हणजे माथ्यावर जुना राजमहाल असलेला प्रचंड खडक, दीड तासात उरकतो, असं काही जण म्हणतात. चढ-उतारापुरतं ते खरं, पण मग पायथ्याच्या बागा राहून जातात आणि मला तर त्याच सर्वांत आवडल्या. पाचव्या शतकातली कारंजी आहेत तिथे! चुनखडीच्या चकत्यांना भोकं पाडलेली. पावसाळ्यात नुसत्या पाण्याच्या दाबावर ती अजूनही उडतात. कश्यप राजाने बापाला मारून गादी घेतली, भावाच्या भीतीने या कातळावर महाल बांधला, आणि त्याच माणसाला अशा बागा सुचल्या, याचं मला फार नवल वाटतं.

सुमारे १२०० पायऱ्या आहेत, सकाळी सातलाच सुरुवात करा. वाटेत कातळावर रंगवलेली स्त्रियांची चित्रं बघताना अजिंठा आठवतोच. फोटोला बंदी आहे, ते बरंच आहे. पुढच्या आरसा भिंतीपाशी (एकेकाळी आरशासारखी चकचकीत असलेली भिंत) बहुतेक लोक थांबत नाहीत. आठव्या ते दहाव्या शतकातल्या प्रवाशांनी या चित्रांतल्या स्त्रियांवर सिंहलीत कविता कोरल्यात तिथे. जरूर थांबा.

वर महालाचे चौथरे आणि कातळात खोदलेलं टाकं एवढंच उरलंय. सोबत आईबाबा असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर शेवटच्या चढाच्या पायथ्याशी असलेल्या सिंहाच्या प्रचंड पंजांपर्यंतही पुष्कळ झालं.